एका घनमीटर काँक्रीटचा हिशोब: बॅच स्लिप हातात घेऊन जीवनचक्र मूल्यमापन कसं करायचं

गेली १९ वर्षं मी तुर्भ्याजवळच्या एका आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीट बनवणाऱ्या, प्लँटच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी भांडुपहून निघायचं, पोचल्यावर रात्रीच्या बॅच स्लिपांचा, म्हणजे प्रत्येक खेपेत काय किती वजनाचं पडलं त्या पावत्यांचा, गठ्ठा चाळायचा, मग टाकीतून सात दिवसांचे आणि अठ्ठावीस दिवसांचे काँक्रीटचे नमुना क्यूब काढून मशिनवर फोडायचे. चार वर्षांपूर्वी दादरच्या एका आर्किटेक्ट बाईंनी फोनवर विचारलं, "तुमच्या एम ३० चा कार्बन किती?" एम ३० म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी ३० मेगापास्कल ताकद देणारं काँक्रीट, आणि कार्बन म्हणजे ते बनवताना हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी नेटवरून एक आकडा शोधून पाठवला. त्यांचा लगेच उलटा प्रश्न आला, "हा तुमच्या प्लँटचा आहे की युरोपातल्या कुठल्या प्लँटचा?"

तो युरोपातलाच होता. त्या दिवसापासून मी जीवनचक्र मूल्यमापन, म्हणजे एलसीए, शिकायला लागले: कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंत एखाद्या वस्तूचा पर्यावरणावर काय परिणाम होतो, त्याचा हिशोब. प्लँटवर, साइटवर किंवा डिझाइन ऑफिसात काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. सुरुवातीला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. वर्षभराच्या बॅच स्लिपा, काटा पावत्या, विजेची बिलं, डिझेलचं रजिस्टर आणि परत आलेल्या मालाची वही एवढं समोर असलं की कॅल्क्युलेटरवर बराच पल्ला गाठता येतो.

हिशोब नेमका कशाचा, हे आधी ठरवा

आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही २००६ ची मानकं एलसीएचे चार टप्पे सांगतात: उद्देश आणि व्याप्ती ठरवणं, माहिती जमवणं, परिणाम मोजणं आणि निघालेला निष्कर्ष तपासणं. चुका पहिल्या टप्प्यात होतात आणि चौथ्या टप्प्यात कळतात, म्हणून पहिल्यावर वेळ घालवा.

बांधकाम साहित्यासाठी ईएन १५८०४ या युरोपीय मानकातली अक्षरं आता आपल्याकडेही रुळली आहेत. ए१ म्हणजे कच्चा माल, ए२ तो प्लँटपर्यंत आणणं, ए३ प्लँटमधलं उत्पादन, ए४ साइटपर्यंतची वाहतूक, ए५ साइटवरचं काम. बी हा इमारत वापरात असतानाचा काळ, सी म्हणजे पाडकाम आणि विल्हेवाट, आणि डी म्हणजे पाडलेला माल पुन्हा कामी आला तर त्याचा फायदा. प्लँटवाल्याला ए१ ते ए३ स्वतः मोजता येतं, ए४ थोड्या खटपटीने. पुढच्यासाठी इमारत कुठली, कशी आणि किती वर्षांची, हे कळावं लागतं. कोणी आकडा मागितला की पहिल्यांदा विचारा: कुठपासून कुठपर्यंतचा?

मग एकक. माल घनमीटरवर विकला जातो, त्यामुळे "एक घनमीटर एम ३०" हे एकक सोयीचं पडतं. तुलना करायला मात्र ते पुरत नाही. परळच्या एखाद्या टॉवरमधला खांब घ्या. एम ५० च्या घनमीटरमध्ये सिमेंट जास्त, म्हणून कार्बनही जास्त. पण तोच भार पेलायला खांबाचा छेद लहान पुरतो, एकूण माल कमी लागतो आणि प्रत्येक मजल्यावर थोडा कार्पेट एरियाही सुटतो. इथे तुलना करायची ती पूर्ण खांबाची, सळईसकट.

स्लॅबचंही तसंच. माइवान शटरिंगवर (अॅल्युमिनियमच्या साच्यांवर) आठवड्याला एक स्लॅब टाकणाऱ्या साइटला लवकर ताकद धरणारा माल हवा असतो. एका मिक्सने तीन दिवसांत शटर सोडवता येतं आणि दुसऱ्याला सहा दिवस लागतात, तर ही दोन मिक्स एकच काम करत नाहीत. मी एकक असं लिहिते: एक घनमीटर पंपाने चढवायचं एम ३०, ठरलेला स्लम्प (ओला माल किती घट्ट-पातळ, त्याचं माप), ठरलेली सात दिवसांची ताकद, आणि समुद्राजवळच्या हवेसाठी भारतीय मानक आयएस ४५६ मधलं "सिव्हिअर" एक्सपोजर. त्या एक्सपोजरला आरसीसीसाठी किमान एम ३०, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट (त्यात मिसळलेली वीजकेंद्राची राख किंवा पोलादाच्या भट्टीतला स्लॅग धरून) आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर जास्तीत जास्त ०.४५ अशा अटी आहेत. सिमेंट कमी करायच्या उत्साहात या अटींच्या खाली उतरायचं नाही.

रेसिपीवर विसंबू नका, काटा बघा

पहिल्या वर्षी मी लॅबच्या फाइलमधलं मिक्स डिझाइन घेतलं, विकलेल्या घनमीटरने गुणलं आणि सिमेंटचा खप काढला. अकाउंट्समध्ये जाऊन खरेदी आणि सायलोतली शिल्लक पाहिली, तर प्रत्यक्षात जवळजवळ तीन टक्के सिमेंट जास्त गेलं होतं. कुठे गेलं ते शोधायला मला दोन आठवडे लागले.

थोडं वजनाच्या फरकात. आयएस ४९२६ प्रमाणे बॅचिंगमध्ये सिमेंटला दोन टक्के आणि खडी-सँडला तीन टक्के फरक चालतो. थोडं परत आलेल्या मालात. आणि मोठा वाटा पावसाळ्यातल्या रात्रींचा. आमचा बॅचिंग ऑपरेटर म्हणाला, "ताई, सँड किती ओली आहे ते मला केबिनमधून कसं दिसणार? क्यूब टेस्टमध्ये नापास झाला तर पहिला मलाच फोन येणार, म्हणून आठ-दहा किलो सिमेंट वर सोडतो." त्याचं चुकत नव्हतं. सँडचा ओलावा दर दोन तासांनी मोजून त्याच्यापर्यंत पोचवायचं काम लॅबचं होतं, आणि आम्ही ते सकाळी एकदाच करत होतो.

तेव्हापासूनचे माझे तीन नियम. हिशोब सलग बारा महिन्यांचा धरायचा. नुसता जानेवारी घेतला तर आकडा देखणा येतो, पण मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंतही स्लॅब टाकले जातात. सिमेंट, राख, स्लॅग आणि पाणी कमी करणारं रसायन म्हणजे अ‍ॅडमिक्स यांचा खप खरेदी आणि शिल्लक यांवरून काढायचा, मग बॅच स्लिपांशी ताडून बघायचा. आणि खडी-सँडच्या वजनातून पाणी वजा करायचं: ८०० किलो क्रश सँडमध्ये सहा टक्के ओलावा असेल तर त्यातले ४८ किलो पाणीच आहे. ते वजा केलं नाही तर सँड जास्त दिसते आणि पाणी कमी.

भागाकार करताना बॅच केलेला माल घेऊ नका, साइटने उतरवून घेतलेला घ्या. शंभर घनमीटर बनवले आणि दोन परत आले तर भागायचं ९८ ने. पाणी पडल्यापासून दोन तासांच्या आत माल उतरवायचा, असं आयएस ४९२६ सांगतं. सायन-पनवेल हायवेवर गाडी अडकली की ते दोन तास बघता बघता निघून जातात. परत आलेल्या मालाचे ब्लॉक पाडले तरी त्यातलं सिमेंट ज्या कामासाठी जाळलं, ते काम झालेलं नसतं.

क्लिंकर

क्लिंकर म्हणजे चुनखडी भट्टीत भाजून निघणारे खडे; ते दळून सिमेंट होतं. एलसीएतला सगळ्यात भारी भाग हा. तो एकदा तरी हाताने सोडवून बघा, म्हणजे सॉफ्टवेअरमधून काहीही आकडा आला तरी तो खरा की खोटा याचा अंदाज येतो.

चुनखडी तापवली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना उरतो, ४४ किलो वायू हवेत जातो. क्लिंकरमध्ये साधारण ६५ टक्के चुना असतो. म्हणजे एक टन क्लिंकरला ६५० किलो चुना, आणि ६५० गुणिले ४४ भागिले ५६ म्हणजे सुमारे ५११ किलो कार्बन डायऑक्साइड, फक्त दगडातून. भट्टीला कुठलंही इंधन लावा, हे ५११ किलो जाणारच. काँक्रीटचा प्रश्न इतका अवघड का, हे या एका गणितात आहे.

त्यावर इंधन. भट्टीत माल १४५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. चांगल्या आधुनिक भट्टीला टनाला ३.१ गिगाज्यूल उष्णता लागते असं धरा. कोळशाच्या एका गिगाज्यूलमागे ९५ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, म्हणजे २९५ किलो. दोन्ही मिळून टनभर क्लिंकरमागे सुमारे ८०६ किलो. ओपीसीमध्ये, म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये, ९५ टक्के क्लिंकर धरला तर ७६६. दळण्यापासून पॅकिंगपर्यंत टनाला ८० युनिट वीज धरा. देशाच्या ग्रिडचा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं. अलीकडच्या वर्षांत तो युनिटला ०.७१ ते ०.७३ किलोच्या दरम्यान आहे, त्यामुळे आणखी ५८ किलो. बेरीज ८२४. चुनखडीची खाण, कोळशाची खाण, जिप्सम ही किरकोळ भर धरून मी टनाला ८५० घेते. सिमेंट कंपनीचा तपासलेला ईपीडी, म्हणजे पर्यावरणीय उत्पादन घोषणापत्र, मिळालं तर त्यातला आकडा वापरायचा आणि हे गणित पडताळणीला ठेवायचं.

पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, वापरत असाल तर एक गोष्ट सांभाळा. आयएस १४८९ प्रमाणे त्यात राख १५ ते ३५ टक्के असू शकते, पीएससीमध्ये, म्हणजे स्लॅग सिमेंटमध्ये, आयएस ४५५ प्रमाणे स्लॅग २५ ते ७० टक्के. दोन कंपन्यांच्या पीपीसीत क्लिंकरचा फरक बराच मोठा निघू शकतो. टेस्ट सर्टिफिकेटवर राखेचं प्रमाण पाहा आणि त्यावरून क्लिंकर काढा. पीपीसी वापरून प्लँटवर वर आणखी राख घालत असाल तर दोन्हींची बेरीज मांडा, एकच राख दोनदा मोजू नका.

तीन मिक्स शेजारी ठेवून

आता प्रत्यक्ष उदाहरण. सगळी एम ३०, प्रत्येकात ४०० किलो बाइंडर, म्हणजे सिमेंट आणि राख किंवा स्लॅग मिळून. पहिलं नुसत्या ओपीसीचं. दुसऱ्यात २८० ओपीसी आणि १२० राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश. तिसऱ्यात २०० ओपीसी आणि २०० स्लॅग, म्हणजे जीजीबीएस. हे गणित पद्धत कळण्यासाठी आहे. तुमच्या प्लँटचे आकडे तुम्ही घाला.

ओपीसीचा उत्पादनाचा कार्बन: ३४०, २३८ आणि १७० किलो.

सिमेंट चंद्रपूरकडून ट्रकने आलं असं धरू, अंतर साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. तीस टनांची गाडी भरलेली असताना लिटरला तीन किलोमीटर आणि रिकामी परतताना चार किलोमीटर जाते असं मानलं तर जाता-येता सुमारे ४९५ लिटर डिझेल. लिटरमागे २.६८ किलो, म्हणजे एकूण १३२८ किलो, टनाला ४४. तीन मिक्सना अनुक्रमे १८, १२ आणि ९ किलो. माल रेल्वेने आला तर हे बरंच कमी होतं, म्हणून सप्लायरला रेकने येतं की रस्त्याने, हे जरूर विचारा.

खडी आणि सँड मिळून १९०० किलो. आपला दगड काळा, कडक बेसॉल्ट, आणि खाडीची रेती बंद झाल्यापासून सँडही त्याच दगडाची. सुरुंग, पोकलेन आणि क्रशर यांना टनाला पाच किलो धरले तर साडेनऊ. तीस किलोमीटरवरच्या खाणीतून १८ टनांच्या डंपरने आणायला टनाला तीन, म्हणजे पावणेसहा. वजनाने पाचातले चार वाटे खडी-सँडचे, आणि कार्बनमध्ये त्यांचा वाटा पंधरा-सोळा किलोंचा. अ‍ॅडमिक्स घालतो फक्त चार किलो, पण त्याच्या किलोमागे पावणेदोन-दोन किलो कार्बन येतो, म्हणजे सात-आठ किलो. पहिल्यांदा हे निघालं तेव्हा मी गणित तीनदा तपासलं. चार किलो रसायन एकोणीसशे किलो दगड फोडण्याच्या जवळपास पोचतं. तरीही ते वापरावं, कारण त्याने पाणी कमी होतं आणि पाण्याबरोबर सिमेंट त्याच्या कितीतरी पट वाचतं.

प्लँटची वीज घनमीटरला साडेतीन युनिट, म्हणजे अडीच किलो. उन्हाळ्यात चिलर आणि बर्फ चालतात तेव्हा हे वाढतं, म्हणून बिल वर्षभराचं घ्या. राख वाळवून, हाताळून, डहाणूकडून आणायला दोन किलो. स्लॅग वाळवून दळायला टनाला ८० किलो धरले तर १६, आणि अलिबागकडच्या डोलवीहून आणायला एक.

बेरीज केली की ए१ ते ए३ पहिल्या मिक्सला सुमारे ३८४ किलो, दुसऱ्याला २७८, तिसऱ्याला २२२. पहिल्यात ३५८ किलो एकट्या सिमेंटचे, वाहतूक धरून.

ए४ साठी सहा घनमीटरची गाडी, बारा किलोमीटर जाणं आणि बारा येणं. लिटरला दोन किलोमीटर धरले तर १२ लिटर, आणि गेटवर उभं राहून ड्रम फिरवायला आणखी सहा. घनमीटरला आठ किलो. नेमकं उभं राहण्याचं डिझेल लोक विसरतात. आमच्या चालकांकडून मी ते लिहून घेतलं तेव्हा कळलं, काही साइटवर जायला लागतं त्याहून जास्त डिझेल गेटवर थांबण्यात जातं.

राख आणि स्लॅग यांच्यावर किती भार टाकायचा

वरच्या गणितात मी एक निर्णय घेतला आणि तो सांगितला नाही, म्हणून आता सांगते. वीजकेंद्रात कोळसा जाळल्याचा किंवा पोलादाच्या भट्टीचा कार्बन मी राखेवर आणि स्लॅगवर टाकलेला नाही. त्यांना टाकाऊ मानून वाळवणं, दळणं आणि वाहतूक तेवढी धरली. बहुतेक जण असंच करतात. पण स्लॅग आता दर लावून विकला जातो, पोलाद कंपनीला त्यातून पैसे मिळतात. ज्याला भाव आहे त्याला टाकाऊ कसं म्हणायचं? किमतीच्या प्रमाणात भार वाटला तर स्लॅगचा आकडा वाढतो, वजनाच्या प्रमाणात वाटला तर इतका वाढतो की मिक्सचा फायदाच नाहीसा व्हायला लागतो. मला किमतीप्रमाणे वाटप जास्त पटतं. तुम्ही काहीही निवडा, पण निवड लिहून ठेवा आणि दोन्ही रीतींनी उत्तर काढून दाखवा.

यापेक्षाही मोठा प्रश्न पुढे आहे, आणि तो मला खरोखर अस्वस्थ करतो. पोलाद जितकं बनेल तितकाच स्लॅग मिळणार. आज मिळणारा चांगला स्लॅग कुठे ना कुठे वापरला जातोच. मी माझ्या मिक्समध्ये तो दुप्पट केला तर माझा आकडा उतरतो, पण ठाण्यातल्या दुसऱ्या प्लँटला तो कमी पडतो आणि तिथे ओपीसी जातं. देशाचा कार्बन तेवढाच. राखेचं थोडं वेगळं आहे. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने कोळशाच्या वीजकेंद्रांवर सगळी राख उपयोगात आणायची जबाबदारी टाकली आहे, आणि जुन्या तलावांत राख साठलेलीही आहे. म्हणून "स्लॅग वाढवून ४२ टक्के घट" असं वाक्य मी ब्रोशरमध्ये घालू देत नाही. क्लिंकर खरोखर कमी होतो तो मालाचा अपव्यय थांबवल्याने, डिझाइन नेमकं केल्याने आणि मुबलक मातीपासून बनणाऱ्या सिमेंटमुळे. भाजलेली माती आणि चुनखडी घातलेल्या एलसी३ सिमेंटसाठी आयएस १८१८९ हे मानक २०२३ मध्ये आलं. त्यात क्लिंकर निम्म्याच्या आसपास ठेवता येतो, आणि माती ७०० ते ८५० अंशांवर भाजली की पुरते.

लॅबच्या हातात असलेली घट

आयएस १०२६२ च्या २०१९ च्या आवृत्तीप्रमाणे मिक्सची सरासरी ताकद दोन रीतींनी काढायची: प्रमाण विचलनाच्या (क्यूबच्या ताकदीतल्या चढउताराच्या मापाच्या) १.६५ पट, किंवा एम ३० साठी ठरवून दिलेले ६.५, यांतलं जे मोठं ते ३० मध्ये मिळवायचं. विचलन ५ असेल तर लक्ष्य ३८.२५. काम नियमित करून ते ३.५ वर आणलं तर १.६५ पट म्हणजे ५.७८, म्हणून ६.५ लागू होतं आणि लक्ष्य ३६.५ वर येतं. पावणेदोन मेगापास्कलचं सिमेंट वाचलं, आणि त्यासाठी कुणाचा स्लॅग ओढून घ्यावा लागला नाही. आम्ही सँडचा ओलावा दर दोन तासांनी घ्यायला लागलो, काटे वेळेवर कॅलिब्रेट केले, तर वरचे ते आठ-दहा किलो टाकणं ऑपरेटरने स्वतःहून बंद केलं. साइटने मान्यता दिली तर राफ्टसारख्या (इमारतीच्या पायातल्या) जाड कामाला ताकद ५६ दिवसांवर तपासा. राख आणि स्लॅगची ताकद उशिरा येते, आणि राफ्टवर पूर्ण भार यायला तसाही वेळ असतो.

टिकणं, पाडणं, राबीट

मुंबईत काँक्रीटचं आयुष्य दोन गोष्टी खातात: समुद्रावरून येणारे क्लोराइड, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड. काँक्रीट हा वायू हळूहळू परत शोषून घेतं, त्याला कार्बोनेशन म्हणतात. एलसीएमध्ये त्याचं श्रेय बी१ मध्ये घेता येतं. पण आरसीसीत तोच थर सळईपर्यंत पोचला की तिचं संरक्षण जातं आणि गंज सुरू होतो. मी इमारतीच्या वापराच्या काळातलं हे श्रेय शून्य धरते. पाडून चुरा केल्यावर पृष्ठभाग वाढतो आणि शोषण भराभर होतं. ते सी मध्ये वेगळं दाखवा.

स्लॅग असलेलं काँक्रीट क्लोराइडला चांगलं अडवतं, पण क्युरिंग झालं तरच. आयएस ४५६ ओपीसीला किमान सात दिवस आणि राख-स्लॅग असलेल्या मिक्सला किमान दहा दिवस ओलं ठेवायला सांगतं. साइटवर पाणी टँकरचं, माणसं कमी, त्यामुळे चौथ्या दिवशी गोणपाट कोरडं दिसतं. अशा साइटला तिसरं मिक्स देऊन १६० किलो वाचवले असं लिहिलं, आणि वीस वर्षांत खांबांना जॅकेटिंग करावं लागलं, तर तो हिशोब खोटा ठरतो. दुरुस्तीचं काँक्रीट आणि सळई बी मध्ये मोजा.

आयुष्य किती वर्षांचं धरायचं? अभ्यासात ५० किंवा ६० वर्षं लिहिण्याची पद्धत आहे. आमच्या भांडुपच्या गल्लीत पस्तीस-चाळीस वर्षांच्या इमारती रिडेव्हलपमेंटला चालल्या आहेत, त्यांतल्या काहींचं काँक्रीट अजून ठणठणीत होतं. एफएसआय वाढला की आयुष्य संपतं. म्हणून मी दोन ओळी मांडते, एक ६० वर्षांची आणि एक ३५ ची. त्याच ३८४ किलोचे वर्षाला पहिल्या ओळीत ६.४ होतात, दुसऱ्या ओळीत ११.

पाडल्यावर उरतं ते राबीट. शहराचा राडारोडा घेऊन त्यावर प्रक्रिया करणारे महापालिकेचे प्रकल्प दहिसरच्या कोकणीपाड्याला आणि शिळफाट्याजवळ डायघरला आहेत. आयएस ३८३ ची २०१६ ची आवृत्ती पाडकामातल्या काँक्रीटची खडी पुन्हा वापरायला परवानगी देते: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आरसीसीत एम २५ पर्यंतच्या ग्रेडला २० टक्के, कमी सिमेंटच्या लीन काँक्रीटमध्ये पूर्ण. यातून कार्बन फार वाचत नाही, कारण खडीचा वाटाच लहान. वाचतो तो डोंगर आणि खाडीकाठची जागा, आणि मला ते तितकंच महत्त्वाचं वाटतं. गणितात ती खडी पाणी जास्त पिते आणि सिमेंट वाढवायला लावते, हे मात्र धरा.

धूळ वेगळ्या पानावर

एलसीए आम्लीकरण, पोषक द्रव्यांचं प्रदूषण, धुरकं, पाणी, सगळं मोजतं, आणि ते सगळं कोष्टकात भरा. पण ते जगभराची बेरीज करतं. चंद्रपूरच्या भट्टीची धूळ आणि आमच्या गेटवरची धूळ त्यात एकाच रकान्यात जाते. प्लँटच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या बाईच्या बाळाला खोकला येतो तो गेटवरच्या धुळीने. म्हणून माझ्या प्रत्येक अहवालाला एक जादा पान असतं: पीएम १० च्या मीटरचे महिनावार आकडे, सायलोवरचं बॅग फिल्टर कधी साफ केलं, गाड्यांची चाकं धुण्याची सोय चालू होती की बंद, आणि रात्री किती वाजेपर्यंत लोडिंग चाललं. कुठलंही मानक हे पान मागत नाही. तरी ते जोडा.

आकडा पाठवताना

पाठवण्याआधी एकेक गृहीत हलवून बघा. टनभर ओपीसीला ८५० ऐवजी ८०० किंवा ९२० घेतले तर पहिलं मिक्स ३६४ ते ४१२ मध्ये फिरतं. साइटचं अंतर दुप्पट केलं तर ए४ मध्ये जेमतेम साडेपाच किलो वाढतात. प्लँटच्या विजेचा आकडा दहा टक्के हलवला तर पाव किलो. म्हणजे वेळ घालवायचा तो सिमेंट कंपनीकडून खरा आकडा मिळवण्यात. पुढे ओपनएलसीए हे मोफत सॉफ्टवेअर शिका. त्यात बाहेरचा डेटा भरताना विजेचं मिश्रण भारताचं आहे ना, ते तपासा. ग्राहकाला ईपीडी हवं असेल तर आयएसओ १४०२५ प्रमाणे त्रयस्थाकडून पडताळणी लागते, आणि ते साधारण पाच वर्षं चालतं.

त्या दादरच्या बाईंना गेल्या वर्षी मी एम ३० साठी जे पत्र पाठवलं, त्याचा साचा असा आहे. रिकाम्या जागा तुमच्या आकड्यांनी भरा:

"एक घनमीटर एम ३०, पंपाचं, सिव्हिअर एक्सपोजर. ए१ ते ए३ ____ किलो, ए४ ____ किलो. सलग बारा महिन्यांचा खरा खप, परत आलेला माल धरून. ओपीसीचा आकडा ____ कडून, तारीख ____. राख आणि स्लॅग टाकाऊ मानले आहेत. किमतीप्रमाणे भार टाकल्यास ____ किलो. सिमेंटचा आकडा हलवल्यास उत्तर ____ ते ____ मध्ये बदलतं. सात दिवसांची सरासरी ताकद ____, अठ्ठावीस दिवसांची ____, विचलन ____. साइटवर दहा दिवस क्युरिंग होणार असेल तरच हे मिक्स घ्यावं. धुळीचं पान सोबत जोडलं आहे."